उंबराचा झिरा

भागूबाई कारल्याला कधी कडू म्हणाली नाही. ‘गोड नाय’ म्हणायची. नवऱ्याचं नाव कडूबा, तेव्हा तो शब्दच तिनं लग्नापासून तोंडाबाहेर काढला नव्हता. सून सारजा मुद्दाम विचारायची, “आत्याबाई, कारलं कसं झालं?” आणि पदराआड हसायची.

कडूबा पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गेला. सोयगावकडच्या डोंगरात वाडीच्या मेंढरांना पाणी नव्हतं, म्हणून त्यानं कड्याखालचा ओला खडक तीन महिने एकट्यानं फोडला. पाणी लागलं, आणि आठव्या दिवशी वरची दरड त्याच्या अंगावर आली. रामकिसन तेव्हा पोटात होता. बापाचं म्हणून त्याच्याकडं काही नव्हतं, फोटोसुद्धा. होतं ते एवढंच, की गडीमाणसं त्या जागेला कडूबाचा झिरा म्हणत.

पुढं रामकिसन औरंगपुऱ्यातल्या नकाशांच्या कचेरीत शिपाई झाला. शिवाराशिवारातल्या जागांची नावं आणि ती का पडली हे लिहून आणायचं काम निघालं, तेव्हा त्यानंच त्रिंबकराव कारकुनांना सांगितलं, माझ्या मायला विचारा, सगळा डोंगर तिच्या पायाखालचा आहे.

त्रिंबकराव वाडीत पोचले तो बाजाराचा दिवस. गडी सगळे सोयगावला गेलेले. भागूबाईनं त्यांना दिवसभर फिरवलं. वाघीण व्याली ती कपार, वरात अडली तो माळ, अशी एकेचाळीस नावं सांगून खाली अंगठा दिला. सोबत जावा होत्या, त्याही हसत भर घालत होत्या.

दोन वर्षांनी नकाशा छापून आला. तोवर भागूबाई मेंढरं विकून मुलाकडं मुकुंदवाडीला राहायला आली होती. रामकिसननं साहेबांना विचारून एक नकाशा घरी आणला, शेजारच्या दोघांना चहाला बोलावलं आणि बापाचं नाव दाखवायला नकाशा पलंगावर पसरला. त्याचं बोट ओढ्यावरून वर सरकत गेलं आणि कड्याखाली थांबलं. तिथं छापलं होतं, उंबराचा झिरा.

चहा निवला. शेजारी उठून गेले.

“माय, ह्ये कुणी सांगितलं?”

“म्याच,” भागूबाई म्हणाली.

त्यात तिनं नवीन काही सांगितलं नव्हतं. थोरल्या दिराचं नाव जावा घेत नाहीत, सासऱ्याचं सुना घेत नाहीत. तिथं एक उंबर होता, म्हणून वीस वर्षं वाडीच्या बायकांच्या तोंडी तो उंबराचाच झिरा. त्या दिवशी काही चुकतंय असं तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. आता तिनं त्या छापील नावावर अंगठा ठेवला. दरडीखालून कडूबाचे पाय दिसले होते, तेव्हाही ती “अवं, अवं” अशाच हाका मारत होती. आणि तो उंबरसुद्धा मागल्या वावटळीत पडला होता.

सकाळी ती मुलाबरोबर कचेरीत गेली. त्रिंबकरावांनी समजावलं, छापलेलं आता पुसता येत नाही. नावांच्या वहीत दुरुस्ती होईल, पुढच्या छपाईला ती घेतील. रामकिसन घाईनं म्हणाला, मी सांगतो, लिहा. त्यांनी मान हलवली.

“अंगठा तुमचा आहे, मावशी. बदल तुम्हीच सांगायला पाहिजे.”

भागूबाईनं पदर तोंडाशी नेला, मग खाली केला.

“कडूबा.”

“ऐकू नाही आलं.”

“कडूबाचा झिरा,” ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. रामकिसन दाराची चौकट धरून उभा राहिला. बापाचं नाव मायच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकत होता.

“का पडलं हे नाव?”

“त्यायनं फोडला. तिथंच गेले.”

घरी आल्यावर सारजानं विचारलं, काम झालं का. भागूबाई सरळ मोरीवर गेली. घेऊ नये ते नाव घेतलं होतं. तांब्या उचलून तिनं चूळ भरली. पाणी तोंडात धरून ती बराच वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. थुंकायला काही तिला होईना. शेवटी तिनं ते गिळलं.