निंबाखाली, सामानापाशी

शिमग्याच्या सुट्टीत आमच्या तापीकाठच्या गावातून दोन बैलगाड्या भरून माणसं नंदुरबार पाहायला निघत. मी शाळामास्तर, म्हणून सगळ्यांच्या पोरांना फिरवायचं काम माझ्याच गळ्यात पडे. आगगाडी दाखवा, मिरचीच्या बाजारातून शिंकत न्या, सोडा पाजा. दुपारपर्यंत जीव मेटाकुटीला येई.

शेजारची वहिनी मात्र स्टेशनाजवळच्या निंबाखाली सामानापाशी बसून राही. पाय पोटाशी घेतलेले, एक हात पाण्याच्या तांब्यावर. चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही जा मास्तर. सामान कोन देखी?" त्यात तक्रारीचा सूर नसे. सात वर्षं ती अशी शहरात आली आणि आगगाडीची तिने नुसती शिटी ऐकली.

आठव्या वर्षी मीच थकलो होतो. म्हणालो, "वहिनी, सामानापाशी आज मी बसतो. तुम्ही जा पोरांबरोबर."

"खरंच बसशात?"

मी मान डोलावली. पोरं तिच्या नवऱ्यामागे पळालीसुद्धा. तिने स्टेशनाकडे एकदा पाहिलं, गाठोड्यावर डोकं टेकलं, पदर तोंडावर ओढला आणि तिथेच झोपली. गाडी आली, शिटी देऊन धडधडत गेली. वहिनी हलली नाही.

सगळे परतले तेव्हा मी पोरांना गप्प राहायची खूण केली. नवऱ्याने मात्र लांबूनच हाक दिली, "पानी दे वं."

तोंडावरचा पदर तसाच होता. हात तेवढा बाहेर आला आणि न चाचपडता तांब्या उचलून पुढे धरला.