भांड्यांचा ब्रश

"आधी उघडा, मग बोला," हे बाबांचं पालुपद. जन्मभर दातांच्या कवळ्या घडवल्या, त्यामुळे मिटलेल्या तोंडावर त्यांचा विश्वासच नसे. गल्लीत त्यांना कवळीमास्तर म्हणत. लेकीचं लग्न ठरलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, "मुलगा हसतो छान. पण उघडून पाहिलंय का कुणी?" सगळे हसले. लेकही हसली.

आज ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिला हसू येत नव्हतं.

समोरच्या टेबलावर बाबांचा जुना संगणक आडवा पडला होता, पोट उघडं टाकून. शेजारी त्यांचा अर्धा प्यालेला चहाचा कप. तो संगणक म्हणजे बाबांचा आणि मोठ्या काकांचा दुवा. काका दूरगावी अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग लुळं, जीभ जड, पण एक हात चालतो. त्या हातानं ते संगणकावरच्या खेळातलं विमान उडवत, आणि संध्याकाळी बाबा आपलं विमान त्यांच्या शेजारी नेत. ढगांवरून दोघे भाऊ पंखाला पंख लावून जात. खाली मोठं शहर आलं, आसपास विमानांची गर्दी झाली, की बाबांचं चित्र अडखळे. मग काका मागे वळत आणि घिरट्या घालत थांबत. बोलता न येणारा माणूस हाक मारणार ती अशीच. पण खेळाची नवी आवृत्ती आली आणि बाबांचं विमान धावपट्टीवरच गोठलं. आठवडाभर काका वर एकटेच घिरट्या घालत होते.

जावई संगणकाचे जुने सुटे भाग घ्यायचा, विकायचा. म्हणून बाबा यंत्र काखोटीला मारून लेकीच्या घरी आले होते.

"प्रोसेसर बदलू की ग्राफिक्स कार्ड?" बाबांनी विचारलं.

"कार्ड," जावई म्हणाला. "प्रोसेसर नुसता हिशेब करतो, बाबा. चित्र रंगवतं ते कार्ड. आणि तुमचं चित्रच अडतंय ना? हे घ्या, घरचं माणूस म्हणून बाजूला ठेवलंय. अगदी नव्यासारखं."

कार्ड चकाकत होतं. त्याला लिंबाचा वास येत होता.

लेकीनं तो वास ओळखला. तिच्या ओट्यावरच्या भांड्यांच्या साबणाचा होता तो. दुपारी ती कामावरून लवकर आली, तेव्हा नवरा हेच कार्ड घेऊन सिंकपाशी उभा होता. कुणा विड्या फुंकणाऱ्याच्या कोंदट खोलीतून आलेलं, काळंकुट्ट. आणि ते तो तिच्या भांडी घासायच्या ब्रशनं खसाखसा घासत होता. तपकिरी पाणी ओघळत होतं. त्यात केसांचा गुंता आणि झुरळाचा एक पाय. ती काही बोलणार, तोच तो म्हणाला होता, "गप. गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

ते गिऱ्हाईक कोण, हे तिला आत्ता कळत होतं.

बाबांनी कार्ड नाकाशी नेलं. "आधी उघडा, मग बोला."

"उघडलं की बिघडलं समजा, बाबा."

"जावईबापू, सुगंधी गोळी चघळून आलेली तोंडं मी पुष्कळ पाहिलीत."

त्यांनी सावकाश स्क्रू काढले. कार्डावरचा पंखा उचलला. खाली पत्र्यांच्या फटींत चिकट, पिवळट थर होता. न घासलेल्या दाढेमागे साचतो तसा. त्यात केस रुतलेले. लिंबाचा वास विरला आणि शिळ्या धुराची घाणेरडी वाफ खोलीभर पसरली.

"लोकांच्या तोंडातल्या घाणीवर मी पोट भरलं," बाबा म्हणाले. "पण त्या घाणीला कुणी अत्तर लावलं नव्हतं. आणि कुणावर किती भार पडतो ते पडद्यावर दिसतं, बरं का. खेळ गोठतो तेव्हा माझा प्रोसेसर धापा टाकतो आणि कार्ड जांभया देतं. दाढ ठणकतेय आणि तुम्ही ओठ रंगवताय."

जावयानं खांदे उडवले. "ते मलाही ठाऊक आहे. पण प्रोसेसर माझ्याकडे नव्हता. कार्ड पडून होतं." आणि तो छान हसला.

त्या हसण्याची लेकीला शिसारी आली. अशी कधीच आली नव्हती.

"धुतलंत कशानं?" बाबांनी विचारलं.

"स्पिरिटनं. त्याचा खास ब्रश असतो."

"माझ्या भांड्यांच्या ब्रशनं, बाबा," लेक म्हणाली. "तुमचा चहाचा कपही यांनी त्यानंच धुतला. मी पाहत होते, आणि बोलले नाही."

बाबांनी अर्ध्या कपाकडे पाहिलं. एका बोटानं तो दूर सारला. मग रुमालानं एकेक बोट पुसलं.

"चौकातल्या दुकानात या बोर्डाला बसणारा प्रोसेसर आहे," ते तिलाच म्हणाले. "जुनाच आहे, पण तो माणूस तळहातावर ठेवून खालून-वरून दाखवतो. काका वाट बघत असतील. येतो मी."

त्यांनी संगणकाच्या कॅबिनेटची उघडी बाजू लावली, ते काखेत घेतलं आणि जिना उतरले.

"म्हातारा भलताच सोवळा निघाला," नवरा मागून म्हणाला. "जाऊ दे. दुसरं कुणी भेटेल."

लेकीनं ब्रश दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला आणि खिडकीशी गेली. वळणावर बाबांनी कॅबिनेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि चौकाकडे चालू लागले. ते दिसेनासे झाले तरी ती तिथून हलली नाही.