स्क्रोल सॉच्या मासिकाकडून आम्हाला काय हवं होतं

छापील पानाला कात्री लावायची नाही, हा नियम आमच्या घरात कुणी केला ते माहीत नाही. वर्तमानपत्रावर चुकून पाय पडला तरी वाकून नमस्कार करायचा, अशा घरात मी वाढलो, आणि बायकोही तशाच घरातून आलेली. अमेरिकेतून येणाऱ्या आमच्या त्या मासिकाच्या मधल्या पानांवर नक्षीचे आराखडे छापलेले असत. पान कापायचं, लाकडावर चिकटवायचं आणि रेघेवरून करवत चालवायची, इतकी सरळ गोष्ट होती. ती आम्हाला दुबईत कितीतरी वर्षं जमली नाही. आम्ही झेरॉक्स काढायचो.

आम्ही म्हणजे तिघे. मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेशनला होतो. इमारतीला काय आणि किती लागेल याचा अंदाज काढायचं काम. दुसरे मूळचे रत्नागिरीचे, जबल अलीत एका मालवाहतूक कंपनीत मॅनेजर. त्यांना आम्ही भाई म्हणायचो. तिसरे ठाण्याचे, बँकेतले. स्क्रोल सॉ हे तिघांचं वेड. शिलाईमशीनला सुई असते तसं या यंत्राला दोऱ्याएवढं बारीक पातं असतं, ते वरखाली होत राहतं, आणि फळी आपण हाताने फिरवत न्यायची. जाळी, पक्षी, घड्याळाची चौकट, वाटेल ते कापता येतं. सगळ्यात महाग यंत्र बँकवाल्यांकडे होतं, आणि ते खोक्यात होतं. त्यांनी आयुष्यात एक फळी कापली नाही, पण कुठलं पातं कशाला चांगलं हे त्यांना तोंडपाठ. असे लोक प्रत्येक छंदात असतात, आणि मला वाटतं, मासिकं खरी त्यांच्याच जिवावर चालतात.

दुबईत टपाल घरी येत नाही, पोस्ट बॉक्सवर येतं, आणि पोस्ट बॉक्स बहुतेकांचा कंपनीचाच असतो. तसं हे मासिक माझ्या कंपनीत यायचं. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी आम्ही अल मनखूलच्या माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत जमायचो आणि भाई जुम्म्याच्या नमाजाला उठेपर्यंत यंत्र चालवायचो. जबल अलीत यंत्रांबरोबर येणाऱ्या मोडक्या खोक्यांचं प्लायवूड भाई डिकीत घालून आणत. बायको पोहे द्यायची आणि भुसा आत येतो म्हणून काचेचं दार लावून घ्यायची.

मग मंदी आली. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन हलेनाशा झाल्या. टेंडरं थांबली, आणि टेंडर नसेल तर एस्टिमेशनच्या माणसाने दिवसभर करायचं काय? आम्ही वेळेवर जायचो, कॉम्प्युटर चालू करायचो आणि एकमेकांकडे न बघता जेवणाच्या सुट्टीची वाट बघायचो. दर गुरुवारी कुणीतरी एचआरच्या खोलीत जाऊन यायचं आणि टेबल आवरायला घ्यायचं. पहिल्या दोघा-तिघांच्या वेळी मला वाईट वाटलं. पुढे वाटेनासं झालं. आता पार्किंग लगेच मिळतं, एवढंच लक्षात यायचं.

त्याच दिवसांत मी देवघर करायला घेतलं होतं. आमचे देव स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांच्या वरच्या फळीवर बसत, आणि बायकोला ते खुपायचं. मासिकात घड्याळासाठी चर्चसारखी एक छोटी इमारत होती. वरचा मनोरा काढून शिखर बसवलं की झालं देवघर, असं मी ठरवलं. एका तुकड्याचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसवायचे, खिळा कुठेच नाही. अर्धी पानं ऑफिसात आमच्या मजल्यावरच्या मशीनवर झेरॉक्स केली. मग ते भाड्याचं मशीन कंपनीने परत पाठवलं, म्हणून उरलेली पानं खाली रिसेप्शनच्या मशीनवर काढली. सगळं कापून झालं, घासून झालं, आणि दात खाचांत जाईनात.

नाचता येईना अंगण वाकडं, तशी आमची गत झाली. मी प्लायवूडला दोष दिला. भाईंनी हवेतल्या दमटपणाला दिला. मग दोघांनी मिळून अमेरिकेला दिला. अखेर बँकवाल्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, दोन्ही मशीनवरचे कागद मासिकाच्या पानावर ठेवले आणि काचेच्या दारावर धरून दाखवले. एक मशीन चित्र किंचित मोठं करत होतं आणि दुसरं किंचित लहान.

"पान कापलं असतं तर हा प्रॉब्लेमच नव्हता," ते म्हणाले.

"कापा ना मग," मी मासिक पुढे केलं.

त्यांनी हात मागे घेतला. "माझ्याच्याने नाही होणार."

भाईही नको म्हणाले. बायकोने दारातून डोकावून विचारलं, "केवढ्याला पडतं ते? पस्तीस दिरॅम? म्हणजे चारशे-साडेचारशे रुपये. आणि त्याला कात्री लावणार?" एकूण काय, देवघर त्या दिवशी राहिलं ते राहिलं. आम्ही तिघे शिकलेसवरलेले लोक, पण एक कागद फाडायचा धीर कुणाला झाला नाही.

पुढच्या अंकात घडी घातलेलं एक पान निघालं. तुम्हाला आमच्याकडून काय हवं आहे, असं संपादकांनी वाचकांना विचारलं होतं. खुणा करायला चौकटी होत्या आणि खाली चार ओळींची मोकळी जागा. चार ओळी आम्हाला कुठे पुरणार!

"पहिलं हे लिहा," भाई म्हणाले, "नक्षीचा कागद अलग द्या. किताबच्या बाहेर, लूज शीट. माणूस किताब फाडील काय?"

ते पहिलं कलम झालं. मग भाई म्हणाले, इंच खलास करा, मिलिमीटर द्या. आणि प्रोजेक्ट असा द्या की जुम्म्याच्या आधी पूर्ण होईल. हे लोक वीकएंड प्रोजेक्ट म्हणतात आणि माणसाचे दोन महिने जातात. बँकवाल्यांना हे पटलं नाही. सोपी कामं बघायला मजा येत नाही, त्यांना अवघडच हवी होती, मोठ्या रंगीत फोटोंसकट, आणि नव्या यंत्रांची परीक्षणं जास्त. घेणार थोडंच, पण वाचायला हवं. अस्वल, गरुड आणि नाताळची झाडं बघून आम्ही तिघेही कंटाळलो होतो. भाईंना मशिदीच्या खिडकीची जाळी हवी होती, मला मोर आणि गणपती. लाकडांची नावं तर अशी यायची की ती झाडं आम्ही जन्मात पाहिली नव्हती. खोक्याच्या प्लायवूडवर काय चालेल, ते कुणी सांगत नव्हतं.

माझं स्वतःचं मागणं मी शेवटी लिहिलं. मला बिघडलेली कामं बघायची होती. जाळीची एक काडी मोडली तर ती कशी सांधायची, पातं रेघ सोडून गेलं तर पुढे काय करायचं, हे मासिक कधी दाखवत नव्हतं. प्रत्येक फोटोत काम पूर्ण झालेलं आणि माणूस हसणारा. मी असंही लिहिलं की आमच्यासारख्या छंदी माणसाला आराखडे घरात ढीगभर असतात, नवे नसले तरी चालतील. येत्या सुट्टीला करण्यासारखं आपल्याकडे काहीतरी आहे, असं महिनाभर वाटत राहावं, म्हणून तो मासिक घेतो. हे वाक्य मला फार आवडलं. ऑफिसात वेळच वेळ होता, तेव्हा मी ते सगळं इंग्रजीत टाईप केलं, दोनदा सुधारलं, आणि चार पानं झाली. त्या कंपनीत मी टेंडरचं पत्रही इतक्या मनापासून लिहिलं नव्हतं.

मग माझा गुरुवार आला. एचआरच्या बाईंनी पाणी विचारलं, व्हिसा किती दिवस चालेल ते सांगितलं, आणि मी त्यांना थँक यू म्हणालो. खाली आलो, गाडीत बसलो, एसी लावला. घाबरायला हवं होतं, हे मला कळत होतं. दाढ काढायला भूल दिली की गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं काहीतरी झालं होतं. ते पुढे बरेच दिवस राहिलं.

एका ओळखीच्या माणसाने अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये जागा पाहून दिली. पगार कमी, राहायला कंपनीची खोली, आणखी तिघांबरोबर. फॅमिलीचा व्हिसा देत नाहीत, पण आग्रह धरला तर देतील, असं तो म्हणाला होता. मी घरी येऊन सांगितलं.

"मग आम्ही?" बायको म्हणाली.

"बघू."

"बघू म्हणजे? मी पुण्याला जाऊ का इथे राहू?"

"तिची शाळा आहे. भाडं आहे. बघू ना."

मुलगी तेव्हा नववीत होती. ती दुसऱ्या खोलीत हेडफोन लावून बसली होती आणि हेडफोनमध्ये काही चालू नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बायको रडणाऱ्यातली नाही. तिने सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. मुसफ्फाच्या बाजूला एक खोली घेऊन राहणारी आपली माणसं आहेत, एका शाळेत जागा आहे, ती स्वतः घरी शिकवण्या घेऊ शकते. "मला फ्लॅट नको, गाडी नको," ती म्हणाली. "एका खोलीत राहू. तू फक्त म्हण, की तुम्ही इथेच राहा. बाकीचं मी बघते."

मी काहीच म्हणालो नाही. नको होतं म्हणून नाही. हवं आहे की नको, हे आत जाऊन बघायला गेलं की तिथे काही सापडतच नव्हतं. व्यवहार बघून ठरवू, मुलीचं हित बघू, असली वाक्यं तेवढी तोंडात यायची, आणि ती मी म्हणायचो.

त्या आठवड्यात तिला मासिकाला लिहिलेली ती चार पानं सापडली. सापडली म्हणजे लपवलेली नव्हती, जेवणाच्या टेबलावरच होती. येत्या शुक्रवारी भाईंना वाचून दाखवायची होती. तिने उभ्या उभ्या सगळी वाचली. मी सोफ्यावर होतो.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. तिरकस नव्हतं ते, तिला खरंच आवडलं होतं. मग खुर्ची ओढून बसली. "अमेरिकेतल्या कुठल्या माणसाने विचारलं, तर मोर हवा, गणपती हवा, मिलिमीटर हवेत, मोडलं तर कसं सांधायचं ते हवं. सगळं धडाधडा सांगता येतं तुला. आता मी विचारतेय. काय हवंय तुला?"

"तुला जे बरं वाटेल ते कर."

"ते नाही विचारलं मी."

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. "बाबा, जस्ट से इट," ती म्हणाली. "डू यू वॉन्ट अस टू स्टे?"

"तुझं दहावीचं वर्ष येतंय, बेटा. ते महत्त्वाचं."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर."

ती आत गेली. बायकोने ती पानं सरळ करून त्यांना पिन मारली आणि कुकर लावायला उठली.

तिकिटं तिनेच काढली. सामान विकायला काढलं, शाळेतून दाखला आणला, देव रुमालात बांधून हँडबॅगेत ठेवले. मी खोकी बांधली, त्यांवर नावं घातली, सांगेल ते केलं. भाई यंत्र न्यायला आले तेव्हा म्हणाले, "वहिनींना जाऊ देऊ नका. फॅमिली एकदा गेली की परत आणणं होत नाही. माझीही पुढल्या वर्षी आणू, इन्शाल्ला, असं म्हणता म्हणता मुलं मोठी झाली." मी मान हलवली. ते बरोबर बोलत होते, हे मला समजत होतं. विमानतळावर मुलीने मला मिठी मारली तेव्हा तिच्या सॅकचा पट्टा माझ्या घड्याळात अडकला, तो मी सोडवला, आणि तेवढ्यात त्यांची रांग पुढे सरकली.

मुसफ्फात मी काही वर्षं काढली. कंपनीची बस, कंपनीची खोली, वर्कशॉपमधला पत्रा कापण्याचा आवाज. वर्षातून एकदा पुण्याला जायचो. त्या दोघी माझ्यासाठी एक कपाट रिकामं करून ठेवत आणि मी आलो की पाहुण्याला देतात तशी उशी देत. मुलीची दहावी झाली, बारावी झाली, ती बंगळूरला गेली. फोनवर सगळं ठीक असायचं. मासिकाचं पुढे काय झालं, त्यांनी काही छापलं का, मला माहीत नाही. मी पत्र टाकलं होतं, पण उत्तर आलं असेल तर ते ज्या पोस्ट बॉक्सवर यायचं तो बंद झाला होता.

ती भूल उतरली केव्हा, हेही मला सांगता येणार नाही. एके दिवशी झटक्यात असं काही झालं नाही. कायमचा पुण्याला परत आल्यावर, पहिल्याच पावसाळ्यात असेल, आम्ही दोघं दुपारी शेंगा सोलत बसलो होतो, आणि मला अचानक फार लागलं. इतकी वर्षं जे आत सापडत नव्हतं ते समोर येऊन बसलं.

"तेव्हा तुम्ही जाऊ नये, असं मला वाटत होतं," मी म्हणालो.

केव्हा, असं तिने विचारलं नाही. हातातली शेंग सोलून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच.

"हो?" ती म्हणाली. "मी तर विचारलं होतं."