एकोणतिसाचा पाढा

डॉक्टरकडे जायचं तर आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, सकाळची पहिली वेळ घेऊन जायचं, ही आमच्या घरची शिस्त. अमेरिकेत एडिसनला येऊन बारा वर्षं झाली तरी ती माझ्यातून गेली नाही. आणि तिनेच माझा घात केला.

संध्याकाळ झाली की माझी डावी पापणी खाली यायची. पोळीचा घास चावता चावता जबडा थकायचा. हसायला जावं तर ओठ वर उचलायचेच नाहीत. नवरा म्हणायचा, "चिडलीयेस का? जरा रिलॅक्स हो ना यार." पण सकाळी नऊला, रात्रभर झोपून, डॉक्टरसमोर मी टवटवीत! वर "हाऊ आर यू" म्हटलं की तोंडातून आपोआप "फाइन". दोघा डॉक्टरांनी स्ट्रेस म्हणून परत पाठवलं. मला खरंच काहीतरी झालंय, हे एकाने तरी मानावं, एवढंच मला हवं होतं. आपणच नाटकं करतोय की काय, असं वाटून मी गाडीत बसून रडले.

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंची सकाळची अपॉइंटमेंट त्यांच्याकडूनच कॅन्सल झाली. मिळाली ती थेट संध्याकाळी पाचची. दिवसभर मीटिंगमध्ये बडबड करून, चुरगळलेल्या कुर्त्यात गेले. जाताना वैतागलेच होते.

त्या म्हणाल्या, "मोठ्याने आकडे म्हणा. कुठल्याही भाषेत." मला काय, पाढे पाठ! सत्तावीसचा म्हटला, अठ्ठावीसचा म्हटला. एकोणतीसच्या मध्यावर आवाज नाकात गेला, शब्द बोबडे झाले. साते दोनशे तीनच्या पुढे जाताच येईना. बाईंनी पेन खाली ठेवलं. "पुरे. मला दिसलं," म्हणाल्या. मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू वापरले की थकत जातात आणि विश्रांती मिळाली की पुन्हा चालतात. रक्ताच्या तपासणीतही तेच आलं. एवढ्या मोठ्या आजाराचं नाव ऐकून कुणाला आनंद होतो? मला झाला बाई!

आता गोळ्या घड्याळ लावून घेते, दुपारी बिनदिक्कत आडवी होते. वाईट दिवस अजूनही येतात. पण अपॉइंटमेंट मात्र संध्याकाळचीच मागते.

परवा नवरा बरोबर आला होता. मी तिन्ही पाढे दोनशे नव्वदपर्यंत खणखणीत म्हटले. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, बरोबर आहे का? ह्याला एकोणतीसचा कधी आलाय!

गाडीत बसल्यावर म्हणाला, "सॉरी. मला वाटायचं, तू माझ्यावर चिडलीयेस."

"चिडलेच होते," मी म्हटलं आणि हसले, ओठ पार वर उचलून. त्याने गाडी सुरू केलीच नाही, माझ्या तोंडाकडे बघत बसला.