डीव्हीडीची पहिली काच

सातपूरच्या एमआयडीसीत आमचा डिस्क बनवायचा कारखाना होता आणि तिथल्या मास्टरिंगच्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे होती. त्याआधी, नव्वदच्या दशकात, मी अंबडच्या एका प्लेटिंग शेडमध्ये पाच वर्षं निकेलच्या टाक्या सांभाळल्या होत्या. नळाच्या तोट्या, स्कूटरचे आरसे, सायकलच्या घंट्या, सगळ्याला चकाकी आणायचं काम. केमिस्ट्री शिकलेली मुलगी ॲसिडच्या वासात उभी राहते, म्हणून आई कुरकुरायची. मला मात्र ते काम मनापासून आवडायचं. डिस्कच्या कारखान्याने मला घेतलं तेही निकेलमुळेच.

मास्टरिंग म्हणजे साचा घडवणं. काचेची जाड, गुळगुळीत चकती धुऊन वाळवायची. तिच्यावर उजेडाने बदलणाऱ्या रसायनाचा अगदी पातळ थर द्यायचा. त्या थरात लेसरने डोळ्यांना न दिसणारे खड्डे पाडायचे, वर निकेल चढवायचं आणि मग तो निकेलचा पत्रा अलगद सोलून काढायचा. त्या पत्र्यावरून प्लॅस्टिकच्या हजारो डिस्क निघतात. सीडीचं हे काम माझ्या हातात पक्कं बसलं होतं. दोन हजार सालानंतर आम्ही डीव्हीडीला हात घातला. चकती तेवढीच, पण तिच्यात सातपट माहिती मावायची. म्हणजे खड्डे निम्म्या आकाराचे आणि ओळी एकमेकींना खेटून.

पहिली ऑर्डर मालेगावच्या एका गृहस्थांची होती. त्यांचे यंत्रमाग होते आणि हौस सिनेमाची. शेजारीपाजारी गोळा करून त्यांनी अहिराणीत एक विनोदी सिनेमा काढला होता. तो त्यांना डीव्हीडीवर हवा होता, लग्नसराईच्या आधी.

आमच्या लागोपाठ सहा काचा वाया गेल्या. प्रत्येकीवर तपासणीत पांढरे ठिपके दिसायचे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने परदेशातून इंजिनिअर पाठवला. त्याने दोन दिवस खोलीतली धूळ मोजली आणि छतातले सगळे फिल्टर बदला, असं सांगितलं. त्यासाठी महिनाभर काम बंद ठेवावं लागणार होतं.

कारखान्याच्या साहेबांनी मला बोलावलं. "तुम्हाला काय वाटतं, मॅडम?"

"खोलीतली हवा स्वच्छ आहे, सर. धूळ असती तर ठिपके कुठेही पडले असते. हे सगळे एकाच बाजूला आहेत, हातपंख्यासारखे पसरलेले."

"मग कशाचे आहेत?"

"दोन दिवस द्या. शोधून सांगते."

उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण ते सापडेल याबद्दल मनात शंकाही नव्हती.

प्लेटिंगच्या शेडमध्ये आमच्या फोरमनने मला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. माल टाकीत सोडण्याआधी पाण्यातून काढून तिरपा धरायचा. पाणी एकसंध पडद्यासारखं उतरलं तर माल स्वच्छ. मध्येच फाटलं तर तिथे चिकटपणा राहिला आहे. मी धुतलेली काच उचलून तिरपी धरली. पाणी अखंड उतरलं. परदेशी इंजिनिअर शेजारी उभा राहून बघत होता. मास्कमुळे चेहरा दिसत नसला तरी तो हसतोय हे डोळ्यांवरून कळत होतं.

मग तीच काच मी नेहमीसारखी हवेच्या नळीखाली वाळवली आणि पुन्हा पाण्यात बुडवून वर काढली. या वेळी पडदा एका बाजूने फाटत गेला. बरोबर हातपंख्याच्या आकारात.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"तेल," मी म्हणाले. "वाळवायच्या हवेतून येतंय."

खात्रीसाठी मी दुसरी काच सिलिंडरमधल्या शुद्ध नायट्रोजनने वाळवली. तिच्यावरून पाणी पुन्हा एकसंध उतरलं. आता तो हसत नव्हता. त्याने माझ्या हातातून काच घेतली आणि दोन्ही प्रयोग स्वतः करून पाहिले.

मी तडक कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये गेले. वाळवायची हवा तिथूनच यायची. तिथला ऑपरेटर सिन्नरकडचा, वयाने माझ्याहून मोठा आणि कामात चोख.

"दादा, तेल अडवणारा फिल्टर शेवटचा कधी उघडला होता?"

"मागच्याच महिन्यात, मॅडम. नवा टाकलाय. लय भारी हाय."

"एकदा उघडून दाखवाल?"

त्यांनी उघडला. फिल्टर नवाच होता, पण बसवताना आतली रबरी रिंग दुमडून चिरली होती. त्या फटीतून तेलाचा अंश पुढे जात होता. सीडीच्या मोठ्या खड्ड्यांना तेवढा चालून गेला असता, डीव्हीडीला नाही. दादांनी रिंग उजेडात धरून फिरवून पाहिली. मग म्हणाले, "हे माझ्याच हातून झालं."

"रिंग बदला आणि पाइप धुवायला मला मदत करा," मी म्हणाले. साहेबांना सांगताना मी रिंग चिरल्याचं सांगितलं, कोणी बसवली हे त्यांनीही विचारलं नाही.

शनिवारी एमआयडीसीला सुट्टी होती. आजूबाजूचे कारखाने बंद असताना आम्ही दोघांनी नळ्या सोडवून धुतल्या आणि नायट्रोजनने कोरड्या केल्या. सोमवारी सातवी काच घेतली. तपासणीत एकही ठिपका नव्हता. इंजिनिअरने अहवालातलं छताच्या फिल्टरचं पान काढून टाकलं आणि जाताना माझ्याशी हात मिळवून म्हणाला, "पुढच्या कारखान्यात मी आधी पाणी बघेन."

पहिल्या डिस्क निघाल्या तेव्हा मालेगावचे गृहस्थ स्वतः आले. कँटीनच्या टीव्हीवर सिनेमा लावला. सगळे पोट धरून हसत होते, दादा तर डोळे पुसत होते. मी टीव्हीला नाक लावून चित्र कुठे अडकतंय का, कुठे चौकोन पडतायत का, ते बघत बसले. शेवटपर्यंत कुठेच काही झालं नाही.

"चित्र एकदम साफ शे," गृहस्थ म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पण ताई, तुम्ही एकदाही हसल्या नाहीत. सिनेमा आवडला नाही का?"

"अहो, मी सिनेमा बघितलाच नाही. डिस्क बघितली."

त्यांनी रिमोट उचलला, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. सासऱ्याची म्हैस वरातीत घुसते त्या प्रसंगाला मी इतकी हसले की चहा सांडला.