नागाचं सुतक

लोक हौसेनं पोपट पाळतात, मांजर पाळतात. मी नाग पाळला, तोही हौसेनं नव्हे, सासूच्या हुकमानं. आता कुणी माझ्यासमोर "साप माणसाळतो का हो?" असं विचारलं की माझं डोकं सणकतं. माणसाळतो, बाबांनो. सून माणसाळते, तर साप का नाही माणसाळणार?

माझं माहेर खांडबाऱ्याकडचं आणि सासर कोरीटचं. घर खाऊनपिऊन सुखी होतं. काळी जमीन होती, खळ्यात मिरच्यांचे लाल ढीग असायचे, कोठीत ज्वारी भरलेली असायची. फक्त पाळण्यात कुणी नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तशी सासूनं उपास, नवस, अंगारे सगळं करून पाहिलं. शेवटी नंदुरबारच्या कुणा ज्योतिषानं तिच्या कानात भरवलं की सुनेनं गेल्या जन्मी नाग मारलाय आणि तोच तिच्या पोटाशी वेटोळं घालून बसलाय. झालं! मुलाच्या पत्रिकेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

ज्योतिषानं उपाय सांगितला होता. महाशिवरात्रीला जिवंत नाग घरात आणायचा, नागपंचमीपर्यंत लेकरासारखा सांभाळायचा, आणि पंचमीला सुनेच्या हातून दूध पाजून वारुळाशी सोडून द्यायचा. मग दोष फिटतो म्हणे. महाशिवरात्रीला गारुडी दारात येतातच. त्यातल्या एकाला सासूनं ज्वारी घालून थांबवलं आणि त्याची टोपली उचलून माझ्या पदरात ठेवली.

"हाऊ तुन्हा लेकरू शे," ती म्हणाली. "पंचमीलोंग जगना तं तू या घरनी सून. मरना तं मी मन्हा पोऱ्यानं दुसरं लगीन लावसू."

एवढं स्पष्ट. सगळ्या आळीसमोर. माझे मालक ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं होतं, निदान सुपारी तरी थांबेल.

मी टोपलीचं झाकण उघडलं. गारुड्यानं नागाचे विषाचे दात उपटलेले होते आणि त्या जागी तोंड सुजलं होतं. तो फणा काढायचा, पण तो फणा लगेच वाकायचा. त्याला पाहून मला भीती नाही वाटली, खरं सांगते. माझ्या मनात आलं, अरे बापरे, हा तर आधीच मेलेला दिसतोय, आणि माझा सगळा संसार याच्या जिवावर!

आमच्याकडे कांदालसूणसुद्धा जपून. अंडं म्हटलं तरी सासू कानावर हात ठेवायची. अशा घरात आता नाग राहायला आला. शेतातला साप उंदीर खातो, बेडूक खातो, हे तिला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण तो शेतातला झाला. घरात टोपलीत बसला तो देव, आणि देव आमच्या घरात दूधच पिणार. मी एकदा हळूच म्हटलं, "आत्याबाई, त्याला दूध पचत नसेल." तर म्हणते कशी, "तुले लेकरू नही, तुले काय समजस लेकरूले काय पचस ते?"

दूध पाजायला तिनं कोठीतून चांदीचं बोंडलं काढलं. माझ्या लग्नाच्या वर्षी तिनं ते नातवासाठी घडवून ठेवलं होतं. रोज सकाळी मी नागाचं डोकं बोटांत धरायचं, आणि तिनं बोंडल्यानं त्याच्या तोंडात दूध ओतायचं. तो गिळायचा नाही. दूध नाकातून बुडबुडे होऊन बाहेर यायचं. त्याचं अंग माझ्या मनगटाभोवती आवळत जायचं आणि मग सैल पडायचं. सासू म्हणायची, बघा कसं गटागटा पितंय. शेजारणी हात जोडायच्या. मला तिच्या हातातलं ते बोंडलं हिसकावून तिच्याच नाकात ओतावंसं वाटायचं.

महिनाभरात त्याची कातडी ढिली पडली. मग मी ठरवलं, दोष गेला खड्ड्यात, याला जगवायचा. कोठीत उंदरांना काय तोटा! दुपारी सासू आडवी झाली की मी ज्वारीच्या कणग्यामागे लाकडी सापळा लावायची. पहिला उंदीर मी मारला तेव्हा मला उलटी झाली. जन्मात मुंगी मारली नव्हती मी. शेपटीला धरून तो नागाच्या तोंडाशी नेला. बराच वेळ त्यानं नुसती जीभ हलवली आणि मग हळूहळू, दुखऱ्या तोंडानं तो गिळला. मी तिथेच कणग्याला टेकून बसले आणि हसले. बाई गं, किती बरं वाटलं मला! कुणीतरी माझ्या हातचं पोटभर खाल्लं होतं.

पुढे तो सुधारला. रंग उजळला, फणा ताठ राहू लागला. माझा हात टोपलीत गेला की तो फुत्कारायचा नाही, बोटांवरून सरकत मनगटावर यायचा. सासू सगळ्यांना सांगत सुटली की दुधानं कसा बाळसेदार झालाय पाहा. मी तरी कशाला बोलू? पंचमी अजून लांब होती, पण तो जगत होता, एवढं मला पुरे होतं.

चैत्रातल्या एका सोमवारी सासूनं पूजा मांडली. आळीतल्या बायका बोलावल्या. आदल्याच दिवशी मी त्याला मोठा उंदीर घातला होता. पोट भरलेल्या सापाला हलवू नये, एवढं मी पाहून पाहून शिकले होते, म्हणून मी म्हटलं, आज राहू द्या, झोपलाय. पण तिनं ऐकलं नाही. स्वतः टोपली उचलली, त्याला ओढून ताटात ठेवला आणि हळदकुंकू टाकायला लागली. नागानं मान लांबवली, अंगाला झटके दिले, आणि अख्खा उंदीर, अर्धवट पचलेला, केसांसकट, पूजेच्या ताटात ओकून टाकला.

बायका किंचाळत उठल्या. सासू मात्र किंचाळली नाही. ती माझ्याकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "देवना तोंडमा उंदीर घाला हिनी."

मला त्या दिवशी मिरचीची धुरी दिली. भूत उतरवायला देतात तशी. निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकल्या आणि माझं डोकं घोंगडीखाली दाबून धरलं. मिरच्या आमच्याच खळ्यातल्या, मीच निवडून वाळवलेल्या. खोकून खोकून माझ्या तोंडातून रक्त आलं. घोंगडीचं एक टोक सासूच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या मालकांच्या. त्यांचा हात मी ओळखला, अंगठीवरून.

टोपली देवघरात गेली. उंदीर बंद, सापळा चुलीत. पुन्हा रोज बोंडलं आणि दूध, आणि डोकं धरायला पुन्हा मीच, कारण लेकरू माझं ना! तो आता हातावर यायचा आणि तोंड उघडून थांबायचा. मी काहीतरी देईन असं त्याला वाटत असणार. वर सासू बोंडलं घेऊन उभी. मी त्याचं तोंड धरायची आणि ती ओतायची. वैशाखाच्या उन्हाळ्यात एका सकाळी दूध आत गेलं ते बाहेर आलंच नाही. माझ्या मनगटावरचं वेटोळं सुटलं आणि तो दोरीसारखा खाली लोंबला.

"मारा!" सासू ओरडली. "या जलमलेबी मारा हिनी!" गेल्या जन्मीसारखा याही जन्मी नाग मीच मारला म्हणे.

नागाला चंदनाची काटकी ठेवून, तूप घालून जाळलं. बोंडलं मात्र तिनं चितेत टाकू दिलं नाही. राखेनं घासून लख्ख केलं आणि परत कोठीत ठेवलं. मग ओट्यावर उभी राहून तिनं सांगितलं, लेकरू हिचं होतं, हिनंच मारलं, आता सुतकही हिनंच धरायचं. मला मागच्या खोलीत घोंगडीवर बसवलं. भाकरी लांबून सरकवायची. आळीतल्या बायकांना सांगावा गेला की हिचं लेकरू गेलं, समाचाराला या. आणि आल्या की मेल्या! कुणी तोंडाला पदर लावून हसत होत्या, कुणी खरोखरच गळा काढून रडत होत्या.

मी रडायचं नाही असं ठरवलं होतं. धुरीतसुद्धा या लोकांसमोर मी हूं की चूं केलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले. तेवढ्यात एका म्हातारीनं माझ्या जवळ येऊन माझं मनगट धरलं, सहज, समाचाराला धरतात तसं. नेमकं तेच मनगट. माझा बांध फुटला. मी ओरडून ओरडून रडले. माझ्यावर विश्वासानं तोंड उघडून बसलेला या घरात तो एकच जीव होता, आणि त्याचं तोंड मी धरून ठेवलं होतं दूध ओतायला. त्याच्यासाठी मी रडले. दुसऱ्या कशासाठी नाही.

सासू दारातच उभी होती. ती आत आली नाही. बायकांकडे वळून म्हणाली, "दखा. पाप नही करं व्हतं तं इतकी काब्रं रडनी असती? कबूल हुई गई ती."

बायकांनी माना हलवल्या. माझे मालक ओट्यावर होते. त्यांनीही ऐकलं.

माझ्या अंगावर सुतक असतानाच शेजारच्या खोलीत जातं फिरायला लागलं आणि बायकांनी गाणी धरली. हळद दळत होत्या. मी म्हातारीला विचारलं, सुतकात लग्न कसं चालतं? ती म्हणाली, तुझी सासू सांगते, सुतक तुझं एकटीचं आहे.