तेल लागल्यानंतरची पेज

इनासबाईला तेल लावायचं ठरलं, ते तिच्याखेरीज सगळ्यांना आधी कळलं.

पेशव्यांच्या तोफखान्यात गोव्याकडून आलेले गोलंदाज होते. त्यांची वस्ती शहराच्या पूर्वेला, नागझरीच्या ओढ्यापल्याड. मातीच्या भिंतींची, गवतानं शाकारलेली त्यांची इगर्ज, म्हणजे प्रार्थनेचं देऊळ, तिथंच होती. या मंडळींची एक रीत होती. कुणी आजारी पडलं की रविवारच्या प्रार्थनेनंतर इगर्जीच्या दारातच पाळ्या लागायच्या. एका घरानं पेज न्यायची, दुसऱ्यानं पाणी भरायचं, तिसऱ्यानं उशाशी बसायचं. पुरुष मोहिमेवर गेलेले असोत, घरात एकटी बाई तापानं फणफणलेली असो, तिची चूल कधी थंड राहिली नाही.

पाळ्या लावायची इनासबाई. नवरा लढाईत गेलेला, मुलगा तोफांबरोबर दूर मुलखात, घरात ती आणि सून रेजीन. बाई अंगानं काटकुळी, पण आवाज असा की तोफेनं मान खाली घालावी. वस्तीचा मुखिया बेंतूबाब, पन्नाशीचा जाडजूड गोलंदाज. त्यालाही ती चारचौघांत ऐकवायची, "अहो बेंतूबाब, तुमच्या घरची कालची पेज होती की तांदळाचं धुवण? आजाऱ्याला बरं करायचंय, आंघोळ नाही घालायची!"

पण रीतीला दुसरी बाजूही होती. माणूस हाती लागत नाहीसं दिसलं की पाद्री यायचे, कपाळाला आणि हातापायांना तेल लावायचे. तेल लागलं की पेज बंद. घरातली चूलही विझवायची. उशाशी मेणबत्ती यायची, दार ओढून घेतलं जायचं आणि बायका गुडघे टेकून प्रार्थना म्हणत राहायच्या. जाणाऱ्याला अन्नाची ओढ लागू नये, असं जुनी माणसं सांगायची. त्यातून कुणी उठलाच, तर तो अर्धा तिकडचा. त्यानं चुलीला हात लावायचा नाही, दुसऱ्याचं अन्न शिवायचं नाही. गेल्या वर्षी कायतान शिंपी असा उठला होता. तेव्हापासून तो ओट्यावर एकटा जेवायचा. त्याचं ताट वेगळं काढायला इनासबाईनंच सांगितलं होतं.

आता तिला स्वतःलाच ताप चढला होता. शेजारच्या आळीतले मकबूल हकीम नाडी पाहून म्हणाले, "ताप हट्टी आहे, पण बाईही कमी हट्टी नाहीत. पोटात पेज जात राहिली तर उठतील." पण पाद्री दुसऱ्या दिवशी छावणीकडे निघणार होते. मागाहून धावाधाव नको, म्हणून बेंतूबाबनं आजच तेल लावून घ्यायचं ठरवलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या मते तो सोयच करत होता.

दुपारी इनासबाईनं डोळे उघडले. भुकेनं पोटात खड्डा पडला होता.

"रेजीन, आज पेज कुणाकडची?"

सून भिंतीकडे बघत म्हणाली, "लुईजाबाईंची पाळी होती, माय."

"मग?"

"त्यांनी मेणबत्ती आणलीय."

इनासबाई कोपरावर रेटा देऊन अर्धी उठली. "मी मेले का गं?"

"नाही हो, माय!"

"मग तेलाचं ठरलं, ते मला कळवायचं कुणी? लुईजानं?"

दारातच उभी असलेली लुईजाबाई मेणबत्ती पदराआड लपवू लागली. तिच्यामागून बेंतूबाब आत आला. "इनासबाई, असं करू नका. तेलाला नाही म्हणू नये. पाप लागतं."

"तेलाला कोण नाही म्हणतंय? मी मेणबत्तीला नाही म्हणतेय. माझी पेज कुठाय?"

"रीत आहे ती. आपण मोडायची?"

"आपण नका मोडू. मी मोडते. आपण नुसते बघा."

तेवढ्यात पाद्री आले. म्हातारे गृहस्थ, उन्हातून चालत आल्यामुळं धापा टाकत होते. ते टेकले, तशी इनासबाईनं त्यांनाच धरलं. "पाद्रीबाब, एक विचारू? तेल मरायला लावतात की जगायला?"

पाद्र्यांनी घाम पुसला. "दोन्हीला, बाई. देव नेणार असेल तर धीर यावा म्हणून. ठेवणार असेल तर अंगात ताकद यावी म्हणून. तशी प्रार्थनाच आहे त्यात."

"आणि त्यानंतर जेवू नये, असं कुठं लिहिलंय?"

"असं कोण म्हणतं?"

खोलीतल्या सगळ्यांनी बेंतूबाबकडे पाहिलं. तो चाचरत म्हणाला, "आमच्या आजीपासून चालत आलंय."

"तुमच्या आजीनं पाद्र्यांना विचारलं होतं?" इनासबाईला धाप लागली, तरी ती थांबली नाही. "तुम्ही विचारलंत? मी तरी कुठं विचारलं! कायतान धडधाकट उठून आला, आणि मी त्याला ओट्यावर बसवला. किती जणांच्या तोंडची वाटी मी माझ्या हातानं बाजूला केली असेल. त्यातलं कोण उठलं असतं, आता कुणाला ठाऊक?"

पाद्री हळूच म्हणाले, "लोकांच्या मनातली भीती एका दिवसात जात नाही, बाई."

"नाही जाणार. पण मला भूक आजच लागलीय."

तिनं तेल लावून घेतलं. डोळे मिटून, हात जोडून, सगळी प्रार्थना ऐकली. शेवटचं आमेन झालं, तशी म्हणाली, "रेजीन, पेज."

कुणी हललं नाही. तेल लावायचं ठरलं म्हणून चूल सकाळीच विझवलेली होती. रेजीन आजवर सासूच्या आवाजाला दचकून वागणारी पोर. ती उठली, लुईजाबाईच्या पदराआडची मेणबत्ती तिनं काढून घेतली, देव्हाऱ्यातल्या दिव्यावर पेटवली आणि चुलीपाशी जाऊन तिच्याच ज्योतीवर काटक्या शिलगावल्या. बेंतूबाब "अगं, अगं" म्हणेपर्यंत तांदूळ चढलेही होते.

इनासबाई सगळ्यांदेखत पेज प्याली. अर्धी अंगावर सांडली, पण वाटी तिनं कुणाला धरू दिली नाही.

ताप सावकाश उतरला. ती काठी टेकत उठली, आणि पहिल्यांदा तिनं कायतानला ओट्यावरून आत आणून आपल्या शेजारी जेवायला बसवलं. तो घास घेईना. "लोक काय म्हणतील, इनासबाई?"

"म्हणू देत. तू जेव."

पुढच्या रविवारी इगर्जीच्या दारात पेद्रू गोलंदाजासाठी पाळ्या लागल्या. पाळ्या आता बेंतूबाब लावत होता. सगळ्या घरांची नावं झाली.

"आणि मी?" इनासबाईनं विचारलं.

"आपण विश्रांती घ्या."

"बरं झालं, आराम काय तो आपल्याकडूनच शिकावा. उद्याची पेज माझी."

दुसऱ्या दिवशी ती गरम तपेली फडक्यात धरून पेद्रूच्या दारी गेली. त्याची म्हातारी आई उंबऱ्यातच आडवी उभी. डोळ्यांत पाणी, पण पाय हलत नव्हते. "रागावू नका, इनासबाई. एकुलता एक आहे माझा. तेल लागलेल्या हातचं कसं घालू त्याच्या पोटात?"

"एकुलता एक आहे म्हणूनच घाला. आज दुसऱ्या कुणाची पेज येणार नाही, पाळी माझी आहे."

"मग आज उपास काढेल तो."

"तापात उपास? मग उद्या मेणबत्तीच घेऊन येते!"

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. आतून पेद्रूचा खोल गेलेला आवाज आला, "आई, दारात कोण?"

"कुणी नाही रे."

"मी आहे, इनास!" बाई ओरडली. आवाज पूर्वीसारखा लागला नाही, चिरकला. "तेल लागलेली. पेज आणलीय. प्यायचीय का?"

आधी खोकला आला. मग, "मीठ आहे का तिच्यात?"

"आहे."

"मग आण की. केव्हाची वाट बघतोय."

म्हातारी तरीही बाजूला झाली नाही. इनासबाईनं काठी भिंतीला टेकवली, तपेली दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि खांद्यानं तिला चांगला रेटा देऊन आत गेली.